शाळेच्या ऑनलाइन वर्गाचा सर्व्हर शाळेत ठेवावा की बाहेर? सोलापूरच्या शाळांसाठी क्रमवार मार्गदर्शन

संस्थेच्या बैठकीत ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. खर्च किती येईल, आणि आपल्याच कॉम्प्युटर लॅबमध्ये सर्व्हर (साइट चालवणारा कॉम्प्युटर) ठेवला तर पैसे वाचतील का? दोन्ही रास्त आहेत. पण त्यांच्याआधी तिसरा विचारायला हवा: रात्री साडेआठला मुलं स्वाध्याय टाकत असताना साइट बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करणार कोण? मशीन कुठे ठेवायची हे बरंचसं याच उत्तरावर ठरतं. सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या शाळांनी हा निर्णय कसा घ्यावा ते इथे क्रमाने मांडतो. उदाहरणासाठी १,२०० मुलांची शाळा धरली आहे. तुम्ही तुमचे आकडे घाला.

१. आधी होस्टिंग लागतंय का ते ठरवा

शिक्षकांना फक्त स्वाध्याय द्यायचा, पीडीएफ टाकायची आणि लिंक पाठवायची असेल, तर होस्टिंगच्या, म्हणजे सर्व्हर घेऊन साइट चालवण्याच्या, भानगडीत पडू नका. गूगल क्लासरूम पुरेसं आहे. पात्र शाळांना गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची मूळ आवृत्ती मोफत मिळते. पाठ्यपुस्तकाशी जोडलेलं साहित्य दीक्षा या सरकारी शैक्षणिक मंचावर आहे, आणि बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ते मोबाइलवर उघडतं. या क्यूआर कोडच्या कामाला बळ देणारे रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते. ज्या शाळेची गरज एवढीच आहे, तिने पैसा आणि वेळ साहित्य तयार करण्यावर घालवावा.

स्वतःची प्रश्नपेढी उभी करायची आहे, वेळ लावून चाचण्या घ्यायच्या आहेत, आठवी ते दहावी अशी तीन वर्षांची प्रगती एका जागी दिसायला हवी आहे, अशा वेळी मूडलसारखी, ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्या चालवणारी प्रणाली लागते. मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली आणलेली ही प्रणाली खुली आहे, तिला लायसन्सचे पैसे पडत नाहीत. मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूचे भाषासंचही तिला मिळतात, आणि आपल्या शहरात या चारही माध्यमांच्या शाळा असल्याने ही मोठी सोय आहे. भाषांतर मात्र सगळ्यांचं सारखं पूर्ण नाही, वापरण्याआधी बघून घ्या. आणि मोफत आहे ते सॉफ्टवेअर. ते चालवण्याचा खर्च कुणाला चुकत नाही.

२. गर्दी मोजा, पट नव्हे

शाळेचा पट १,२०० असला तरी सर्व्हरला त्याच्याशी देणंघेणं नसतं. एकाच वेळी किती मुलं काम करतात, एवढंच त्याला कळतं. साध्या संध्याकाळी समजा ४० मुलं असतील. घटक चाचणीला नववी-दहावीची २४० मुलं बरोबर अकरा वाजता ‘सुरू करा’ दाबतील. मूडलच्या माहितीपत्रकातला ढोबळ हिशेब असा, की एक जीबी रॅमवर १० ते २० जण एकाच वेळी काम करू शकतात. म्हणजे रोजच्यासाठी २ ते ४ जीबी पुरते, आणि चाचणीच्या तासाला १२ ते २४ जीबी लागते.

शाळेतला सर्व्हर आणि बाहेरचा सर्व्हर यातला सर्वांत मोठा फरक इथे आहे. स्वतःची मशीन घ्यायची तर २४० मुलांच्या हिशेबाने घ्यावी लागते, आणि वर्षातले बहुतेक दिवस तिची ताकद वापराविना पडून राहते. भाड्याचा सर्व्हर चाचणीच्या आठवड्यापुरता मोठा करून नंतर लहान करता येतो. रॅम आणि प्रोसेसर कमी करता येतात, डिस्क मात्र एकदा वाढवली की सहसा कमी होत नाही, म्हणून ती जपून वाढवा. आकार बदलताना सर्व्हर बंद करून सुरू करावा लागतो, त्यामुळे हे काम आदल्या रात्रीच उरका.

गर्दी कमी करायचा उपाय शाळेच्याही हातात आहे. तुकड्यांचे गट करून प्रत्येक गटाची चाचणी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू करा. चाचणी चालू असताना मूडल मुलांची उत्तरं थोड्या थोड्या वेळाने आपोआप साठवत राहतं, पण सगळ्यात जड क्षण असतो तो सुरुवातीचा आणि ‘जमा करा’चा.

व्हिडिओचा हिशेब वेगळा करा. चाळीस मिनिटांचा तास दीड एमबीपीएसने पाहिला तर एका मुलामागे सुमारे ४५० एमबी डेटा जातो. साठ मुलांनी पाहिला की २७ जीबी, आणि सगळ्यांनी एकदम पाहिला तर ९० एमबीपीएसची अपलोड लाइन त्यातच संपली. म्हणून व्हिडिओ आपल्या सर्व्हरवर ठेवूच नका, मग तो सर्व्हर शाळेत असो वा बाहेर. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (लिंक असणाऱ्यालाच दिसेल असा) ठेवून मूडलमध्ये लिंक द्या. मुलांचे चेहरे किंवा नावं त्यात येणार नाहीत एवढं बघा. पालकाचा प्रीपेड रिचार्ज आणि दिवसाची डेटा मर्यादा लक्षात घेतली तर तासाभराच्या व्हिडिओपेक्षा आठ-दहा मिनिटांचे तुकडे मुलांना जास्त उपयोगी पडतात.

३. शाळेच्या इमारतीची परीक्षा घ्या

शाळेत सर्व्हर ठेवायचा विचार असेल तर कोटेशन मागवण्याआधी इमारत तपासा. चार गोष्टी बघायच्या.

पहिली वीज. महावितरणची लाइट किती वेळा जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण शाळेतला खरा धोका वेगळाच असतो. शाळा सुटली की शिपाई मामा सुरक्षिततेसाठी मेन स्विच पाडून जातात. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत, पण सर्व्हर त्याच लाइनवर असेल तर रोज संध्याकाळी तो बंद पडणार, आणि मुलं अभ्यासाला बसतात तीच वेळ असते. सर्व्हरसाठी स्वतंत्र वायरिंग, स्वतंत्र एमसीबी, चांगलं अर्थिंग आणि ऑनलाइन यूपीएस (वीज गेली तरी क्षणाचाही खंड पडू न देणारा) लागतो. घरगुती इन्व्हर्टरवर विसंबू नका. विजेचा हिशेब सोपा आहे: ३०० वॅट घेणारी मशीन दिवसरात्र चालली की महिन्याला २१६ युनिट होतात. तुमच्या बिलातल्या दराने गुणा, मग त्यात एसी मिळवा. बहुतेक वेळा एसीचाच आकडा मोठा निघतो.

दुसरी उष्णता. सर्व्हरला आत येणारी हवा साधारण १८ ते २७ अंशांची असावी असं मानतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्यातून यूपीएसच्या लेड-अॅसिड बॅटऱ्या उन्हाने लवकर जातात. पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं असा ठोकताळा आहे. विक्रेत्याने सांगितलेली बॅटरीची वर्षं आपल्याकडे तशीच धरू नयेत. आणि मे महिन्यात शाळा बंद असते तेव्हा एसी बिघडला हे कळणार कुणाला, याचंही उत्तर हवं.

तिसरी धूळ. पूर्व भागातल्या एका शाळेत सर्व्हरचं झाकण काढलं तेव्हा पंख्याच्या जाळीवर सुताच्या तंतूंचा करडा थर बसलेला होता, नखाने सोलला की पट्टीसारखा निघत होता. शेजारी यंत्रमाग, खिडकीला साधी जाळी. मशीन चालू होती, पण आतून तापून वेग कमी करत होती, आणि शिक्षकांना वाटत होतं इंटरनेट मंद आहे. यंत्रमाग किंवा कच्चा रस्ता जवळ असेल तर दर महिन्याला साफसफाई धरूनच चाला.

चौथी लाइन. बाहेरून शाळेचा सर्व्हर गाठायचा तर स्थिर आयपी पत्ता (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) लागतो. साध्या ब्रॉडबँडवर आणि मोबाइल राउटरवर अनेकदा एकच पत्ता शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो, आणि अशा जोडणीवर बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. कंपनीला थेट विचारा: स्थिर आयपी देता का, त्याचे वेगळे किती, अपलोडचा वेग किती, आणि लाइन तुटली तर किती तासांत जोडणार हे लेखी देता का. ‘१०० एमबीपीएस’ म्हणजे डाउनलोड. मुलांकडे जातं ते तुमचं अपलोड.

हे सगळं अंदाजाने ठरवू नका. लॅबमधला एखादा जुना पीसी सर्व्हरच्या नियोजित जागी पंधरा दिवस चालू ठेवा आणि दर मिनिटाला इंटरनेट तपासून फाइलमध्ये नोंद करणारी छोटी स्क्रिप्ट लावा. नोंदच नाही ती वेळ वीज गेल्याची, नोंद आहे पण जोडणी नाही ती वेळ लाइन गेल्याची. शक्यतो वळवाच्या पावसाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये करा. ही फाइल बैठकीत ठेवली की चर्चा पटकन मुद्द्यावर येते.

४. दोन माणसांची नावं कागदावर लिहा

सर्व्हर सांभाळणं म्हणजे काय? लिनक्सचे (सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे) आणि मूडलचे सुरक्षा अपडेट, बॅकअप नीट झाला का ते बघणं, डिस्क भरत आली तर मोकळी करणं, नको त्या लॉगिनवर लक्ष ठेवणं. काम रोज नसतं, पण रोज बघणारा लागतो. आपल्या बहुतेक शाळांत हे कॉम्प्युटरच्या सरांवर किंवा मॅडमवर येतं. त्यांच्याकडे आधीच शालार्थ, यू-डायस, शिष्यवृत्तीचे अर्ज, दहावीचे फॉर्म असतात. त्यांना आणखी एक जबाबदारी न विचारता देणं अन्याय आहे, आणि त्यांनी नोकरी बदलली की शाळेला आपल्याच सर्व्हरचा पासवर्ड ठाऊक नसतो.

म्हणून सांभाळणाऱ्या दोघांची नावं लिहा, एक मुख्य आणि एक पर्यायी. ही नावं लिहिता येत नसतील तर शाळेतला सर्व्हर हा पर्याय तिथेच वगळा.

माझं मत इथेच स्पष्ट सांगतो. सोलापुरातल्या बहुतेक शाळांनी मशीन बाहेर ठेवावी, पण किल्ल्या, म्हणजे मुख्य खाती आणि पासवर्ड, आणि साहित्य स्वतःकडे ठेवावं. अपवाद दोन. ज्या संस्थेचं अभियांत्रिकी किंवा मोठं महाविद्यालय आहे, तिथे जनरेटर आहे, लीज लाइन (फक्त संस्थेसाठी राखीव इंटरनेट लाइन) आहे, पूर्णवेळ सिस्टिम अॅडमिन आहे, तिने आपल्या शाळांसाठी तिथेच जागा करावी. दुसरा अपवाद करमाळा, सांगोला, अक्कलकोटकडच्या ज्या गावांत नेटवर्क धड मिळत नाही तिथल्या शाळांचा. त्यांनी लॅबमध्ये कोलिब्रीसारखी इंटरनेटशिवाय चालणारी प्रणाली एका साध्या पीसीवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर बसवावी. मुलं शाळेच्या वायफायवर धडे बघतील. हा सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसत नाही, त्यामुळे स्थिर आयपी लागत नाही आणि सुरक्षेचा भारही बराच हलका होतो.

५. ‘बाहेर’ म्हणजे नेमकं कुठे

सर्वांत स्वस्त असतं शेअर्ड होस्टिंग. शाळेच्या माहितीच्या वेबसाइटला ते ठीक, मूडलला नाही. एका मशीनवर अनेक ग्राहक असतात, एकाच वेळी किती विनंत्या घेणार याची मर्यादा असते, फाइलींच्या संख्येची मर्यादा असते (मूडल हजारोंनी फाइली बनवतं), आणि दर मिनिटाला चालायला हवं ते क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप होणारं काम) बऱ्याच ठिकाणी पंधरा मिनिटांखाली लावू देत नाहीत. चाचणीच्या सकाळी हे सगळं एकदम अडतं.

दुसरा प्रकार व्हीपीएस, म्हणजे क्लाउडमधला तुमचा स्वतंत्र सर्व्हर. मुंबईत अॅमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांचीही केंद्रं आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यातही आहे, आणि भारतीय कंपन्याही आहेत. सर्व्हर भारतात घेतला की पान उघडायला वेळ कमी लागतो. पण इथेही अपडेट आणि बॅकअप तुमच्याच डोक्यावर. वीज, उष्णता, धूळ आणि लाइन या चार कटकटी गेल्या, माणसाची गरज उरली.

तिसरा प्रकार व्यवस्थापित होस्टिंग. मूडल बसवणं, अपडेट, बॅकअप, तक्रारी हे सगळं पुरवठादार बघतो. महाग वाटतं, पण स्वतःचा माणूस नसलेल्या शाळेने हेच घ्यावं. मूडलच्या संस्थेची स्वतःची मूडलक्लाउड सेवाही आहे, मात्र त्यात हवं ते प्लगइन (जास्तीची सोय देणारा जोड) टाकता येत नाही.

६. तीन वर्षांचा तक्ता करा

एका वर्षाचा हिशेब घरच्या सर्व्हरला महाग दाखवतो आणि भाड्याला स्वस्त. मशीनची सर्वसाधारण वॉरंटी धरून तीन वर्षांचा तक्ता करा, म्हणजे तुलना खरी होते. शाळेतल्या सर्व्हरच्या रकान्यात मशीन, ऑनलाइन यूपीएस, निदान एकदा बॅटरी बदल, एसी, वायरिंग, वीज, स्थिर आयपीसह लाइन, बॅकअपसाठी वेगळी डिस्क आणि सांभाळणाऱ्याचे तास लिहा. तास विसरू नका. आठवड्याला तीन तास धरले तरी ५२ आठवड्यांचे १५६ होतात. बाहेरच्या रकान्यात मासिक भाडं, चाचणीच्या आठवड्यांतलं वाढीव भाडं, बॅकअपची जागा, बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे आणि १८ टक्के जीएसटी.

परदेशी कंपनीचं बिल अनेकदा डॉलरमध्ये येतं आणि कार्डवरून कापलं जातं. संस्थेकडे क्रेडिट कार्ड नसतं, मग कुणीतरी आपलं वैयक्तिक कार्ड देतं. असं करू नका. कार्ड बदललं किंवा पैसे कापले गेले नाहीत की सर्व्हर बंद होतो, आणि काही दिवसांनी डेटा पुसलाही जातो. संस्थेच्या नावाने जीएसटी बिल देणारा, वर्षाचे पैसे बँकेतून आगाऊ घेणारा भारतीय पुरवठादार लेखापरीक्षणाच्या दृष्टीनेही सोयीचा.

७. पुरवठादाराला लेखी विचारा

‘९९.९ टक्के चालू’ असं सगळेच लिहितात. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा, ९९.५ टक्के म्हटलं तर ३ तास ३६ मिनिटं. पूर्वनियोजित दुरुस्ती बहुतेक वेळा यात धरत नाहीत. म्हणून दुरुस्ती रात्री बारानंतरच करायची आणि चाचणीच्या तारखांना मुळीच नाही, हे करारात घाला. तक्रारीला उत्तर किती ते किती वाजेपर्यंत? दहा ते सहा असेल तर तुमच्या उपयोगाचं नाही. मुलं सात ते दहा अभ्यास करतात.

बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवता का? तो परत भरून दाखवता का, आणि किती तासांत? मूडलचे तीन भाग असतात: डेटाबेस, मूडलडेटा नावाचं फोल्डर आणि कोड. करार संपला तर पहिले दोन आम्हाला पूर्ण द्याल का, किती दिवसांत, आणि नंतर तुमच्याकडचं पुसल्याचं लेखी द्याल का? या शेवटच्या प्रश्नावर जो चाचरतो, त्याचं कोटेशन कितीही कमी असलं तरी बाजूला ठेवा.

८. मुलांची माहिती आणि शाळेच्या किल्ल्या

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतात. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी त्यात वेगळी बंधनं आहेत. सर्व्हर बाहेर दिला म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही. पुरवठादाराने केलेल्या हाताळणीलाही शाळाच उत्तरदायी राहते. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार डेटाचोरीसारख्या सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवावी लागते, म्हणून पुरवठादाराने शाळेला किती वेळात कळवायचं ते करारात लिहा. आधार क्रमांक, जात, उत्पन्न हे मूडलमध्ये भरूच नका. नाव, इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक एवढ्यावर सगळं चालतं.

डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) संस्थेच्या नावावर आणि शाळेच्या अधिकृत ईमेलवर नोंदवा, वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर नको. पात्र शिक्षणसंस्थांना केंद्र सरकारच्या अर्नेट इंडिया संस्थेकडून एज्यु.इन असं डोमेन घेता येतं. डोमेनचं खातं, मूडलचं मुख्य अॅडमिन खातं आणि बॅकअपची प्रत या तीन गोष्टी पुरवठादार कोणताही असला तरी शाळेकडे राहू द्या. पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, बदलला की पाकीटही बदला. महिन्यातून एकदा पूर्ण बॅकअप डाउनलोड करून एन्क्रिप्ट केलेल्या (पासवर्डशिवाय न वाचता येणाऱ्या) हार्डडिस्कवर घ्या आणि ती शाळेच्या इमारतीबाहेर ठेवा.

९. आधी एक तुकडी, मग शाळा

करार वर्षाचा करण्याआधी एका महिन्याचा घ्या आणि एकाच तुकडीवर चालवा. नंतर एक शनिवार ठरवून शक्य तितक्या मुलांना शाळेबाहेरून, पालकांच्या मोबाइलवरून एकाच वेळी सराव चाचणीला बसवा. लॅबमधून घेतलेली चाचणी फसवी असते, कारण तिथे सगळे एकाच चांगल्या लाइनवर असतात. पुरवठादाराला त्याच आठवड्यात बॅकअप दुसऱ्या मशीनवर भरून दाखवायला सांगा आणि घड्याळ लावा.

जुन्या सर्व्हरवरून हलायचं असेल तर दिवाळीची सुटी किंवा मेचा पहिला आठवडा निवडा. आदल्या दिवशी डोमेनच्या नोंदीचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. मूडल देखभाल स्थितीत टाका, डेटाबेस आणि मूडलडेटा कॉपी करा, नव्या जागी कॉन्फिग फाइलमधले मार्ग बदला, आणि दोन शिक्षकांकडून लॉगिन, फाइल उघडणं, चाचणी देणं आणि गुण दिसणं तपासून घ्या. मगच डोमेन नव्या पत्त्याकडे वळवा. पत्ता तोच राहिल्याने मुलांना आणि पालकांना नवीन लिंक पाठवावी लागत नाही. जुना सर्व्हर सुटी संपल्यावरही महिनाभर बंद अवस्थेत जपून ठेवा. एखाद्या शिक्षकाची फाइल राहिली असं सुटीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लक्षात येतं, तेव्हा ती तिथून काढता येते. महिना सरला की डेटा पुसून घ्या आणि त्याची तारीख टाकलेला कागद शाळेच्या फाइलमध्ये लावा.